तिच्या अर्ध्या तासाचं शास्त्र

अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बाया प्रत्येक दवाखान्यात रोज दिसतात. डॉक्टर खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघतात आणि लोहाच्या गोळ्या लिहून देतात. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थकव्याचाच पाठपुरावा केला. १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचं सुमारे १२ टक्के स्त्रियांनी सांगितलं. त्यांचं रक्तही तपासलं गेलं. हिमोग्लोबिनचा आणि या थकव्याचा संबंध काही सापडला नाही.

संबंध सापडला तो वेगळ्याच गोष्टींशी. घरावर असलेलं कर्ज, कमी शिक्षण, नवऱ्याकडून होणारी जबरदस्ती, घरातल्या निर्णयांत नसलेला आवाज, पाठीशी कुणी नसणं, आणि या सगळ्यातून आलेली उदासी व चिंता. बाई थकवा आलाय म्हणत होती, दुखणं मात्र फक्त शरीराचं नव्हतं.

मनाचं ओझं शरीराच्या तक्रारींतून बोलतं, हे लक्षात घेतलं की योगाचा विचार वेगळ्या अंगाने करता येतो. ज्या बाईला ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणायची सोय नाही, तिच्यापर्यंत शरीराच्या वाटेने पोहोचता येतं. मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात जायला जी बाई दहा वेळा विचार करेल, ती सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या पटांगणात सतरंजी घेऊन सहज जाते. भारतात या गोष्टीला मोठं महत्त्व आहे. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की आजाराचा प्रकार कोणता यावर अवलंबून ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे दीडपट आहे.

पण ‘ताण आलाय? मग योग करा’ हे वाक्य जितक्या सहज बोललं जातं तितकं ते साधं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात ते ९७ मिनिटं. मुलांचं, म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं करण्यात जाणारा वेळ वेगळा. ज्या बाईच्या दिवसातली पाच तासांच्या आसपासची वेळ अशी आधीच लावलेली आहे, तिला योग सांगताना तो करायचा कधी, याचं उत्तरही द्यावं लागतं. ते न देता दिलेला सल्ला तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम वाढवतो.

आधी ताणाने आणि मग योगाने शरीरात नेमकं काय घडतं ते पाहू. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस नसांमार्फत थेट आणि पिट्यूटरी ग्रंथीमार्फतही मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना कामाला लावतो. अॅड्रिनलिनने छाती धडधडते, श्वास उथळ आणि भराभर होतो, पचन मंदावतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं आणि रक्तात साखर सोडली जाते. अंगावर धावून आलेल्या कुत्र्यापासून पळायचं असेल तर हे सगळं उपयोगाचं आहे. कुत्रा गेला की काही वेळात सगळं पूर्ववत होतं. महिनाअखेरची तंगी, मुलीच्या शिक्षणाची काळजी, नवऱ्याचं पिणं, सासूचं आजारपण मात्र काही मिनिटांत निघून जात नाही. टाकी भरून वाहू लागली तरी पाण्याची मोटर बंद करायला कुणी नाही, अशी मग शरीराची गत होते. सकाळी जास्त आणि रात्री कमी असा कॉर्टिसॉलचा जो रोजचा चढउतार असतो, तोही दीर्घ ताणात बिघडू शकतो. झोप उडते, आणि झोप उडाली की दुसऱ्या दिवशी लहानशा गोष्टीवरही मन तडकतं.

हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन ही यंत्रणा आपल्या हुकमात नाही. ‘हळू चाल’ असं हृदयाला सांगून ते ऐकत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि हवा तेव्हा आपल्याला तो हातातही घेता येतो. योगाने नेमकं हेच दार धरलं. मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी पाहत सावकाश श्वास घेतला की तिची गती किंचित वाढते, सावकाश सोडला की किंचित मंदावते. पुष्कळ जणींना हा फरक बोटांखाली चक्क कळतो. मेंदूपासून पोटापर्यंत गेलेली व्हेगस नावाची नस श्वास सोडताना हृदयाला जास्त लगाम घालते. म्हणून प्राणायाम शिकवणारे श्वास सोडणं लांबवायला सांगतात.

इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी कधी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, तर कधी तिबेटी बौद्धांचा मंत्र. दोन्हींच्या लयीत श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला. एरवी तो १२ ते २० असतो. मिनिटाला सहाच्या लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांच्या नैसर्गिक लहरी एकमेकींशी जुळतात आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक चपळ होते, असं त्यांना दिसलं. ऋषिपंचमीच्या पहाटे पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर हजारो स्त्रिया एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. त्या पठणावर असं मोजमाप करायला हवं, असं हा प्रयोग वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

योगाला मोजपट्टी लावण्याची सुरुवात मात्र इटलीत झालेली नाही. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचं नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटात दाब किती बदलतो हे ते यंत्रांनी मोजत होते, क्ष-किरणांनी पाहत होते. योग म्हणजे चमत्कार असं मानणाऱ्या आणि योग म्हणजे थोतांड असं मानणाऱ्या दोघांनाही त्यांनी एकच उत्तर दिलं: मोजून पाहू.

त्याच परंपरेतला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेला एक प्रयोग १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. सहकाऱ्यांमध्ये कैवल्यधामचे विनेकर होते. रीत अगदी काटेकोर होती. उताणं झोपायचं, पायांत अंतर, तळहात वर. श्वास पोटाने आणि संथ, आत घेतल्यावर थोडं थांबायचं, सोडल्यावर त्याहून थोडं जास्त. लक्ष नाकपुड्यांशी, आत जाणारी हवा गार लागते, बाहेर पडणारी कोमट, तेवढंच टिपायचं. रोज अर्धा तास. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब उतरला, औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा डॉक्टरांना कमी करता आली. हा प्रयोग रक्तदाबाचा होता, मनाच्या आजाराचा नव्हता, आणि आजच्या कसोटीवर तो लहान आहे. तरीही नुसतं पडून राहणं आणि शवासन यांत फरक आहे, ही गोष्ट त्याने रुग्णालयाच्या नोंदवहीत आणली.

त्या काळापर्यंत योगाच्या वर्गात बायका दिसू लागल्या होत्या, पण ते आपोआप झालं नव्हतं. मध्ययुगीन हठयोगाच्या ग्रंथांनी डोळ्यांपुढे ठेवलेला साधक बहुतांशी पुरुष आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला सुरू केलेली आणि पुढे सांताक्रूझला स्थिरावलेली योग इन्स्टिट्यूट संसारी माणसांसाठी होती. त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ मध्ये स्त्रियांच्या योगशिक्षणावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बाईने शरीराचा व्यायाम करणं हेच जिथे आगाऊपणाचं मानलं जाई, तिथे एका बाईने बायकांसाठी आसनांचं पुस्तक लिहिणं ही धाडसाची गोष्ट होती.

दुसरी गोष्ट १९३६ ची, धारवाडची. म्हैसूरचे योगगुरू कृष्णम्माचार्य शिष्यांसह तिथे प्रात्यक्षिकांसाठी गेले होते. काही स्त्रियांनी शिकायची इच्छा दाखवली, पण शिकवणारा पुरुष वयाने लहान असावा असं त्यांचं म्हणणं पडलं. शिष्यांतला सगळ्यांत लहान मुलगा पुढे केला गेला. तो होता बी. के. एस. अय्यंगार. पुढच्याच वर्षी डेक्कन जिमखान्यावर शिकवायला म्हणून तो पुण्यात आला आणि पुण्याचाच झाला. म्हणजे जगभर गाजलेल्या या गुरूचे पहिले धडे बायकांच्या वर्गात दिले गेले. दोरी, पट्टा, लाकडी ठोकळे, खुर्ची, तक्के यांचा आधार घेऊन आसन करायची जी पद्धत त्यांनी घडवली, तिच्यामुळे ताठरलेल्या कमरेच्या, वजन वाढलेल्या, दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसांनाही आसनात स्वस्थ थांबता येऊ लागलं.

त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी या पद्धतीला स्त्रीच्या आयुष्याची चौकट दिली. लहानपणी मूत्रपिंडाच्या गंभीर आजारातून गेलेल्या गीताताईंनी आयुर्वेदाचं शिक्षण घेतलं, पुण्याच्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेत आयुष्यभर शिकवलं आणि १९८० च्या दशकात स्त्रियांच्या योगावर पुस्तक लिहिलं. पाळीच्या दिवसांत कोणती आसनं, गरोदरपणात कोणत्या महिन्यात काय, बाळंतपणानंतर सुरुवात कुठून, पाळी जाताना काय, असा सविस्तर विचार त्यांनी मांडला. एकच साचा सगळ्यांना लावायचा नाही, हे त्यांच्या कामाचं मर्म आहे. २०१८ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्याकडे शिकलेल्या शिक्षिका अनेक देशांत वर्ग घेत होत्या.

याच पुण्याच्या पद्धतीवर परदेशात झालेले दोन अभ्यास सांगण्याजोगे आहेत. जर्मनीतल्या संशोधकांनी २००५ मध्ये २४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आपण मानसिक ताणाखाली आहोत’ असं स्वतःहून सांगत आलेल्या या बायका होत्या, सरासरी वय अडतिशीच्या आसपास. १६ जणींनी तीन महिने आठवड्यातून दोनदा दीड-दीड तासाचा अय्यंगार योगवर्ग केला, आठ जणी प्रतीक्षेत राहिल्या. वर्ग करणाऱ्यांचा ताण, चिंता, उदासी, थकवा घटला, डोकेदुखी आणि पाठदुखीही कमी झाली. वर्गानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल उतरलेलं दिसलं. २४ ही संख्या थोडी आहे आणि प्रतीक्षेत बसण्याशी केलेली तुलना सोपी असते. वर्गाला जाणं, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देणं, यानेही बरं वाटतंच.

हा आक्षेप बॉस्टन विद्यापीठाच्या ख्रिस स्ट्रीटर यांनी मनावर घेतला. २०१० च्या त्यांच्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून तीनदा तासभर योग केला, दुसऱ्याने तेवढाच वेळ आणि तेवढीच ऊर्जा खर्च होईल असं चालणं केलं. १२ आठवड्यांनी योग करणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली होती आणि चिंता अधिक घटली होती. त्यांच्या मेंदूची खास तपासणीही झाली. गाबा हे मेंदूतल्या पेशींची धावपळ आवरणारं रसायन आहे, आणि नैराश्य व चिंतेत ते कमी आढळतं. मन जितकं सुधारलं तितकं हे रसायन वाढलेलं दिसलं. हाही गट लहानच, पण चालण्याच्या तुलनेतही योगाचा काही वेगळा वाटा आहे, असं सुचवणारा पुरावा त्यातून मिळाला.

कोणत्या बाईला कोणत्या वयात याचा उपयोग होतो, हा त्यापुढचा प्रश्न.

वयात येणाऱ्या मुलींमध्ये पीसीओएस, म्हणजे पाळीची अनियमितता, चेहऱ्यावर केस, मुरुमं, वाढतं वजन, आता घरोघरी ऐकू येतं. आरशाची भीती आणि नातेवाइकांचे शेरे यांनी या मुली आतून खचतात. आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरच्या एका निवासी महाविद्यालयात १५ ते १८ वयाच्या अशा ९० मुलींना दोन गटांत विभागून १२ आठवडे रोज एक तास, एका गटाला योग आणि दुसऱ्याला नेहमीचा व्यायाम दिला गेला. योग करणाऱ्या मुलींची चिंता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त घटली आणि हार्मोनच्या काही मापांतही सुधारणा झाली. इथे एक बारकावा आहे. मुली वसतिगृहात राहत होत्या, तासाची वेळ ठरलेली होती, स्वयंपाकाला जायला लागत नव्हतं. रोजचा योग रोज झाला, त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा.

बाळंतपणानंतरचा काळ सगळ्यांत नाजूक, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. आपल्याकडे बाळंतिणीचं कौतुक होतं. डिंकाचे लाडू, तेलाने मालीश, शेक, सव्वा महिन्याची विश्रांती. ‘तुला बरं वाटतंय का’ हा प्रश्न मात्र तिच्या टाक्यांपुरता असतो. गोव्यातच विक्रम पटेल यांच्या गटाने २७० मातांचा पाठपुरावा केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के जणींना नैराश्य असल्याचं दिसलं, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाली म्हणून आलेली नाराजी ही कारणं २००२ च्या त्या निबंधात नोंदलेली आहेत. प्रसूतीनंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतात, हे खरं. पण मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणारं घर हे हार्मोनचं काम नव्हे. म्हणून गरोदरपणातला संथ श्वास, हलकी आसनं, कुशीवर झोपून केलेली विश्रांती याचा फायदा आहेच, पण घरातल्या माणसांनी आपलं वागणं तपासलं नाही तर तो फायदा अर्धाच राहील.

पाळी जाण्याच्या काळाबद्दल अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मोठा आहे, २४९ स्त्रियांचा. १२ आठवडे योग केल्यावर अंगातून वाफा येण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. निद्रानाश मात्र घटला. जाहिरातीत हा पहिला निष्कर्ष कधी छापून येणार नाही, म्हणून तो इथे मुद्दाम लिहायला हवा. योगाने सगळं बरं होतं असं सांगितलं की वाफा न थांबलेली बाई ‘माझंच काही चुकतंय’ म्हणून स्वतःला दोष देते. आणि झोप परत मिळणं ही काही लहान कमाई नाही.

अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांसाठी योगाचा विचार आणखी जपून करावा लागतो. मार किंवा बलात्कार सोसलेल्या बाईला स्वतःचं शरीरच परकं, भीतीचं ठिकाण वाटू शकतं. बॉस्टनमधले मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी वर्षानुवर्षं उपचार घेऊनही आघाताच्या खुणा न पुसलेल्या ६४ स्त्रियांचा अभ्यास केला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग. उरलेल्यांना स्त्री-आरोग्यावरचे गटवर्ग. अखेरीस योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी आघातोत्तर ताणाच्या विकाराच्या निकषांत बसत नव्हत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण २९ पैकी ६ होतं. अशा वर्गात शिकवायची तऱ्हा निराळी असते. डोळे मिटायची सक्ती नाही, शिक्षक न विचारता अंगाला हात लावत नाही, ‘हे करा’ऐवजी ‘हवं तर हे करून बघा’ असं म्हटलं जातं. आपल्याकडच्या वर्गांतही या तीन गोष्टी नियम म्हणून आणायला कुठलाच खर्च नाही. दिवा मालवून शवासनात पडल्यावर कुणाची छाती धडधडू लागली, तर तिला उठून बसायची मोकळीक असली पाहिजे.

मग घरचा अर्धा तास कसा असावा? पहिली पाच मिनिटं उताणं पडून, गुडघे वाकवून, एक हात पोटावर ठेवून श्वास कुठे जातोय ते बघण्यात जावीत. मग ताडासन, कटिचक्रासन, हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वरखाली करायचं मार्जारासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, अशी दहा-बारा मिनिटांची हालचाल. दिवसभर ओट्याशी, शिलाईयंत्राशी, संगणकाशी वाकलेल्या खांद्यांना तिची गरज असते, आणि अस्वस्थ मनाला एकदम निजवण्यापेक्षा आधी शरीर हलवणं सोपं जातं. त्यानंतर पाय भिंतीला टेकवून थोडा वेळ पडणं. कमरेखाली घडी घातलेली गोधडी, पट्टा म्हणून ओढणी, तक्क्याच्या जागी दोन उशा, एवढ्यावर भागतं. पाच-सात वेळा भ्रामरीचा गुंजारव, त्यात श्वास सोडणं आपोआप लांबतं. शेवटी आठ-दहा मिनिटं शवासन. बहुतेक जणी वेळ नाही म्हणून नेमकं हेच गाळतात आणि डबे भरायला पळतात. डॉ. दाते यांच्या रुग्णांना शवासनच दिलं होतं, हे आठवून ते शेवटपर्यंत राखावं.

पथ्यंही आहेत. पोट रिकामं हवं, जेवण होऊन तीन-चार तास गेलेले हवेत. गरोदरपणात कपालभाती, श्वास रोखून धरणं आणि पोटावर दाब आणणारी आसनं टाळायची. हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांनी पुढे जोराने वाकू नये, मणक्याला चीर पडण्याचा धोका असतो. रक्तदाब जास्त असेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको.

सगळ्यांत महत्त्वाचं पथ्य औषधांबद्दल आहे. योग सुरू केला म्हणून नैराश्याच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. निमहान्समध्ये तीव्र नैराश्याच्या ४५ रुग्णांवर केलेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. सुदर्शन क्रिया या लयबद्ध श्वसनपद्धतीने चार आठवड्यांत ६७ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, इमिप्रामिन या औषधाने ७३ टक्के, आणि ज्याला लोक अजूनही घाबरतात त्या विद्युत उपचाराने ९३ टक्के. श्वासाच्या क्रियेने औषधाच्या जवळपास मजल मारली, ही मोठीच गोष्ट. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली मारली, आणि सगळ्यांत प्रभावी ठरला तो विद्युत उपचार. ज्यांना भास होतात किंवा ज्यांचं मन टोकाच्या उत्साहात आणि टोकाच्या उदासीत झुलतं, त्यांनी जोरकस श्वासक्रिया आणि लांबलचक ध्यान डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

देशात २०२१ या एका वर्षात २३ हजारांहून अधिक गृहिणींनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. मरणाचे विचार येत असतील, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, अन्न गोड लागत नसेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर सतरंजीआधी माणूस गाठायचं. टेलिमानस ही सरकारी मदतसेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. घरात मारहाण होत असेल तर प्राणायामाने ती थांबत नाही, तिथे महिला मदतवाहिनीचा १८१ क्रमांक लागतो.

महाराष्ट्रात योगाचे वर्ग चालवणाऱ्यांची परंपरा जुनी आणि निष्ठेची आहे. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ विनामूल्य शिकवतं, ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाने पिढ्या घडवल्या, आणि गावोगाव नाव नसलेल्या कितीतरी शिक्षिका सकाळी दार उघडून चटया अंथरतात. वर्गाला जाणाऱ्या बायकांना विचारलं तर त्या आसनांइतकंच वर्गानंतरच्या दहा मिनिटांबद्दल बोलतात. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं, कुणाच्या गेलेल्या नोकरीचं बोलणं तिथे होतं. या गप्पांना वेळ वाया घालवणं म्हणणारे चुकतात. एकटेपणा हा ताणाचा सख्खा भाऊ आहे. गोव्यातल्या आरोग्यकेंद्रांत पटेल यांच्या गटाने डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना रुग्णांशी बोलायला बसवलं तेव्हा नैराश्य आणि चिंतेतून बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं. ऐकणारं माणूस मिळणं हाही उपचाराचा भाग असतो.

गावपातळीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर नावाच्या केंद्रांतून योगाची सत्रं घ्यायची सरकारची योजना आहे. ती योजना बायकांच्या कामी येईल की नाही, हे वेळापत्रकावर ठरेल. ऊसतोडीला किंवा कांदा लागवडीला जाणारी बाई सकाळी सातला शेतात असते, नोकरदार बाई लोकलमध्ये, अंगणवाडी सेविका खिचडीच्या तयारीत. त्यांच्यासाठी दुपारी तीन किंवा संध्याकाळी साडेपाचचा वर्ग, शेजारच्या खोलीत लहान मुलांना बघणारं कुणीतरी, आणि शिकवायला त्यांच्याच गावची बाई, एवढी सोय हवी. घराघरांत त्या अर्ध्या तासापुरता कुकर लावायचं आणि दार उघडायचं काम नवऱ्याने किंवा मुलाने अंगावर घेतलं, तर २९९ आणि ९७ यांमधलं अंतर थोडं तरी कमी होईल.